चहापुरते निखारे

पलीकडच्या काठावरची आग माझ्या हातून लागली. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खडकीला वडिलांना नाही, आणि मला विचारणं हे ज्यांचं कामच होतं त्यांना तर नाहीच नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'जंगलातले गमतीदार अनुभव' मागितले होते. "डॉक्टर आणि आयटीवाले दरवर्षी लिहितात हो," ते फोनवर म्हणाले, "आपल्यात फॉरेस्ट ऑफिसर एकच. तुम्ही लिहाच." मी गमती लिहायला बसलो. गमती आहेत, आणि तशा बऱ्या आहेत. पण कुठलीही गंमत थोडी पुढे गेली की त्याच काठावर जाऊन बसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. शेवटी वैतागून वरचं वाक्य आधी लिहून टाकलं. आता गमतीही सांगतो.

पहिली गंमत म्हणजे मी फॉरेस्ट ऑफिसर नव्हतोच. मी रेंजर होतो, स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या तळ्याच्या, इथल्या बोलीत लॉकच्या, काठच्या सरकारी जंगलात. महाराष्ट्रात रेंजर म्हटलं की जीप, मागे दोन गार्ड, सागवानी खुर्ची आणि टेकडीवरचं रेस्ट हाउस. इथे रेंजर म्हणजे एक पिकअप, तिच्यात काळ्या पिशव्यांचा गठ्ठा, एक फावडं आणि कचरा उचलायचा लांब चिमटा. इंग्लंडमधल्या सॉफ्टवेअर कंपनीनं आमचं अख्खं डिपार्टमेंट एका दुपारी बंद केलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. बायकोला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्या मागोमाग मी आलो. जाहिरातीत लिहिलं होतं, मोकळ्या हवेतलं काम, लोकांशी बोलण्याची आवड हवी. मला लोकांशी बोलण्याची अजिबात आवड नाही. पण इंटरव्ह्यूत मी इतका कमी बोललो की हा माणूस ऐकून घेणारा आहे असा त्यांचा समज झाला.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, फोनवर "रेंजर झालो" एवढं सांगितलं आणि पुढचं गिळलं. त्याला कारण आहे. माझे आजोबा गावकीच्या कामाला होते. मेलेलं ढोर ओढण्यापासून लग्नाच्या मांडवाबाहेरचा केर काढण्यापर्यंत, जे सांगतील ते. अप्पांनी गाव सोडलं, खडकीला कारखान्यात लागले आणि घरात एकच कायदा केला. दुसऱ्याची घाण आपल्यातलं कुणी उचलणार नाही. आता त्यांचा शिकलेला मुलगा रोज सकाळी उठून ब्रिटिश जनतेची घाण उचलत होता. पगार घेऊन, पेन्शन घेऊन, सरकारी वॉटरप्रूफ जॅकेट घालून. दोन्हींत फरक आहे, मोठा आहे, मला तो कळतो. पण तो फोनवर कसा समजावायचा ते कळत नव्हतं. त्यांनी युनिफॉर्ममधला फोटो मागितला. मी चिमटा पाठीमागे धरून फोटो काढला. अप्पांनी तो मोठा करून हॉलमध्ये लावला. नीट बघितलं तर माझ्या पोटरीमागून चिमट्याचं टोक दिसतं. अप्पा लोकांना सांगतात, ती बंदूक आहे.

आता कामाबद्दल. तंबू म्हटलं की आपल्या लोकांना कॅम्पसाइट आठवते: गेट, शॉवर, शेजारी कुणाचं तरी पोर रडतंय. जंगलात मोकळा तंबू ठोकणं वेगळं. इंग्लंडात त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते, दक्षिणेकडचं एक माळरान सोडलं तर. स्कॉटलंडात मात्र कायद्यानंच हक्क दिलाय. जमीन सरकारची असो नाहीतर एखाद्या लॉर्डची, कुणीही यावं, चालावं, रात्र काढावी. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीच्या बाजूनं जाताना मान खाली घालावी लागायची, त्याला हे पहिल्यांदा वाचताना काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही. मी कायद्याचा तो भाग परत वाचला, एवढंच.

त्या हक्काला एक शेपूट आहे. जबाबदारीनं वागा. ते शेपूट सांभाळणं म्हणजे माझी नोकरी. तंबू लहान हवेत, माणसं थोडी हवीत, एका जागी दोन-तीन रात्रींच्या वर राहायचं नाही. घरांपासून, रस्त्यापासून लांब. हक्क माणसाला आहे, त्याच्या मोटारीला नाही. पोटाची निकड असेल तर पाण्यापासून दूर जाऊन खड्डा खणायचा आणि बुजवायचा. आमच्या तळ्याच्या गर्दीच्या काठाला उन्हाळ्याच्या महिन्यांत हेही मोकळं नाही. तिथे ठरलेल्या जागा, ऑनलाइन परमिट. आणि विस्तव शक्यतो पेटवायचाच नाही, स्टोव्ह आणायचा. झाडीत नाही, कोरड्या दिवसांत नाही, आणि पीटवर तर कधीच नाही.

पीट म्हणजे शेवाळ आणि गवत पाण्यात साचून, पूर्ण न कुजता, हजारो वर्षांत झालेला थर. दिसायला काळी माती. पण इथले लोक पूर्वी तो कापून, वाळवून घरात जाळायचे. म्हणजे पीटवर उभे असता तेव्हा तुम्ही सरपणावर उभे असता. त्याला विस्तव लागला की ज्वाळा दिसत नाही. तो आतल्या आत धुमसत सरकतो आणि वाटेल तिथे डोकं वर काढतो.

हे सगळं मला मोरागनं शिकवलं. मोराग आमची सीनियर रेंजर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं किरकोळ, आणि बोलण्यात माझ्याहून काटकसरी. आमच्या पिकअपमध्ये कधी कधी सकाळपासून दुपारपर्यंत एक वाक्य व्हायचं, तेही मेंढी आडवी आली म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या सिद्धार्थचं सिड केलं आणि मला विझलेल्या शेकोटीपाशी बसवलं. "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, सिड. पाणी ओत. ढवळ. परत ओत. मग त्यात हात घाल. हात ठेवता आला तर विझली." मी हात घातला. विझली नव्हती. मोराग म्हणाली, "आता कायमचं लक्षात राहील." कायमचं राहिलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा एका होणाऱ्या नवऱ्याचे मित्र हवा भरून फुगवायचा हॉट टब घेऊन आले होते. बादल्यांनी तळ्याचं पाणी भरून, चड्ड्यांवर कुडकुडत बसलेले. मला बघून एक जण म्हणाला, "बरं झालं आलास. गरम पाणी कुठून येतं?" एक गृहस्थ अख्खा जून एकाच झाडाखाली मुक्काम ठोकून होते. रोज सकाळी तंबू फूटभर सरकवायचे.

"सर, तुम्ही तीन रात्रींच्या वर एका जागी आहात," मी म्हटलं.

"एका जागी कुठे? कालची जागा ती. आजची ही."

पाठीमागून मोराग शांतपणे म्हणाली, "मग पोस्टमनला रोज नवा पत्ता कळवत असाल. दमत असाल बिचारे." ते गृहस्थ हसले आणि दुपारी गेले. मला असं काही सुचत नाही. मी इतक्या हळू बोलतो की सुरुवातीला लोकांना वाटायचं हा माणूस रस्ता चुकलाय. एका आजींना मी नियम सांगायला गेलो, तर त्यांनी मलाच सँडविच खायला लावलं, आणि नकाशावर पार्किंग दाखवलं. मी आभार मानून पार्किंगकडे गेलो.

पलीकडच्या काठाला रस्ता नाही, फक्त जंगलखात्याची खडीची वाट, आणि तिच्यावर कुलूपबंद लोखंडी गेट. त्या उतारावर मोरागचा जीव होता. हरणं पाइनची रोपं वाढू देत नाहीत, वर शेंडा आला की खाऊन टाकतात. तिनं वर्षानुवर्षं तिथलं कुंपण दुरुस्त करून हरणं बाहेर ठेवली होती, आणि जुन्या झाडांच्या पडलेल्या बियांतून पाइनची पोरं आपली आपण उगवली होती. गुडघ्याएवढी, कमरेएवढी. "मी एकही लावलेलं नाही," ती सांगायची, आणि ते लावल्यापेक्षा जास्त अभिमानानं सांगायची.

आता मूळ गोष्ट.

मे महिना होता. कित्येक दिवस पाऊस नव्हता. स्कॉटलंडात पाऊस नाही म्हटल्यावर लोक खूश आणि आम्ही गॅसवर. सगळीकडे आगीच्या सूचनांचे बोर्ड लागलेले. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवार जोडून आलेल्या सुट्टीच्या, आधी अप्पांचा फोन आला.

"अरे, आपल्या साळव्यांचा मिलिंद. तिकडे इंग्लंडात इल्फर्डला डॉक्टर आहे, माहितीय ना? तीन फॅमिली घेऊन तुझ्या जंगलात येतोय. व्यवस्था कर."

"अप्पा, परमिट संपलेत. बँक हॉलिडे आहे."

"परमिट? तुला?" अप्पा हसले. "तू ऑफिसर ना रे?"

इथे ओळख या गोष्टीबद्दल सांगायला हवं. मोरागला मी हे कधी समजावू शकलो नाही. आपल्याकडे नियम असतो, आणि नियमाच्या आत कुणीतरी ओळखीचा असतो. रेस्ट हाउस फुल असतं, पण रेंजर ओळखीचा असला की खोली निघते. ज्याला दार उघडता येतं तो मोठा, आणि त्यानं ते आपल्यासाठी उघडलं नाही तर तो मोठाही नव्हे आणि आपलाही नव्हे. त्यात आमच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या आत कुणी नव्हताच. दुसऱ्यांच्या ओळखी आम्ही बाहेर उभं राहून बघितल्या. आता आमचा एक आत होता. त्याच्याकडे गेटची किल्ली होती. ती किल्ली मला तुटलेली झाडं आणायला दिली होती, ही बाब गौण.

"बघतो," मी म्हणालो. तेव्हाच गेट उघडलं म्हणा ना.

तीन गाड्या आल्या. मिलिंद लहानपणी माझ्याच वस्तीतला, आता भूल देणारा डॉक्टर, आवाज असा की पेशंट भूल न देताच गप्प पडावा. बरोबर त्याची बायको, मुलगी रिया, आणखी दोन कुटुंबं, आणि मिलिंदची कुसुममावशी. मावशी अकोल्याच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. साडीवर फ्लीस, पायात भाचेसुनेचे बूट. गेटपाशी गाडी थांबली तशा त्या खाली उतरल्या आणि बोर्ड मोठ्यानं वाचू लागल्या, प्रत्येक शब्द वेगळा, शाळेत वाचतात तसा.

"सिद्धार्थ, इथं बंद लिहिलंय बाळा. आणि विस्तव करू नये असंही लिहिलंय."

"अगं मावशी, ते पब्लिकसाठी," मिलिंद म्हणाला. "सिद्धू आहे ना इथे."

"मग आपण कोण?"

"आपण सिद्धूचे."

मावशी माझ्याकडे वळल्या. "नियम असेल तर नियमानं जाऊ रे. दुसऱ्यांनी मोडले तर त्यांना चालून जातं. आपलं जे काही झालं ते कायद्यानं झालं. आपल्याला ही चैन परवडत नाही."

त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललो. "मावशी, मी सांगतोय ना. मीच इथला ऑफिसर आहे."

त्यांनी मान डोलावली आणि गाडीत बसल्या. एका शिक्षिकेनं ऑफिसरच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी कुलूप काढलं.

तंबू लागले. रिया ओरडत होती, "डॅडी, माझा टेंट वाकडी झाली!" मुलं तळ्यात पाय बुडवून किंचाळत होती. मिलिंदनं डिकीतून मोठं पातेलं काढलं. "चुलीवरचं मटण, सिद्धू! लेका, पुण्यात आता चुलीच्या मटणाला रांगा लागतात. इल्फर्डला चूल पेटवली तर कौन्सिल येईल. इथे तर कौन्सिलच आपलं!"

सगळे हसले. मीही हसलो. मला तेव्हा म्हणता आलं असतं की मित्रा, स्टोव्ह काढ. हजारो लोकांना म्हटलंय. त्याऐवजी मी फावडं घेतलं, गवताचा थर गोल कापून बाजूला ठेवला आणि कुंपणाच्या जुन्या भिंतीतले तीन दगड आणून चूल मांडली. गवत काढलं की खाली काय असतं हे त्या सगळ्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं. काळं, कोरडं, भुसभुशीत. मी त्याच्यावर काटक्या रचल्या.

मटण उत्तम झालं होतं. खोटं कशाला बोलू. भाकऱ्या मावशींनी थापल्या. मे महिन्यात इथे जेवणं उरकली तरी ऊन असतं. मिलिंद सारखा सगळ्यांना सांगत होता, "बघितलं का, राजा आहे हा इथला," आणि मी मान खाली घालून रस्सा ओरपत होतो आणि मला ते आवडत होतं. मला कधी कुणी राजा म्हटलं नव्हतं. माझ्या पिकअपमधला चिमटा मी दुपारीच ताडपत्रीखाली सरकवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मोराग.

"सिड, मी अलीकडच्या काठावर आहे. पलीकडे उतारावर धूर दिसल्यासारखा वाटतोय. बोटीनं चक्कर मारून येऊ का?"

वीकेंडची जबाबदारी तिची होती. मी झाडीत सरकलो.

"मी आत्ताच तिकडे बघून आलो," मी म्हणालो. "कुणी नाही. धुकं असेल."

"या हवेत धुकं?"

"पाण्यावरचं."

"बरं. तू बघितलंयस ना, मग झालं. मला गर्दीच्या काठाला भरपूर काम आहे."

एवढंच. याला खोटं बोलणं म्हणतात, आणि मी ते सराईतासारखं केलं. परत येऊन दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

निजायच्या आधी मावशी पाण्याचं पातेलं घेऊन चुलीपाशी उभ्या राहिल्या. "ओतू ना रे? बोर्डावर लिहिलं होतं."

"राहू द्या, मावशी," मी म्हटलं. "सकाळच्या चहापुरते निखारे ठेवू."

माझी आई असेच ठेवायची. निखाऱ्यांचा ढीग करायचा, वर राख ओढायची, तिच्यावर थोडी माती. सकाळी राख बाजूला केली की आत लाल. काडी लागायची नाही. मावशींचा चेहरा उजळला. "अगंबाई, तुला येतं हे? आजकाल कुणाला येतं!" मग मी सगळ्यांना दाखवत, हळुवारपणे, अगदी आईसारखे ते निखारे झाकले. राख संपली म्हणून वर हाताशी होती ती काळी माती ओढली. सरपणात विस्तव पुरून ठेवला आणि कौतुक घेतलं. जगात असा रेंजर दुसरा नसेल.

सकाळी चहा झाला. निखारे छान राहिले होते. मग मावशींनी मुलांना रांगेत उभं करून सगळी जागा निवडून घेतली. चॉकलेटचा कागद, कांद्याची साल, काही ठेवलं नाही. मी चुलीवर दोन पातेली पाणी ओतलं, दगड तसेच आत ठेवून वर गवताची चकती परत बसवली, वरून हात ठेवला. गार होती. वरून.

गाड्या निघताना मिलिंदनं मला मिठी मारली. मावशी म्हणाल्या, "आपण इथे होतो हे कुणाला कळणारसुद्धा नाही, बघ." त्यांना ते चांगल्या अर्थानं म्हणायचं होतं.

चार-पाच दिवसांनी वारा सुटला आणि उतार पेटला. चूल होती तिथे नाही, तिच्या वरच्या बाजूला, जमिनीतून. बंब आले, वाटेवर पाइप टाकले, तळ्यातून पंप लावला. आम्ही लांब दांड्याचे झोडपे घेऊन धगधगतं गवत झोडपत होतो. मोराग माझ्या शेजारी होती, भुवया जळालेल्या. कुंपणाच्या आतल्या त्या पाइनच्या पोरांना बघता बघता आग लागत होती. ओली, कोवळी झाडं पेटताना आवाज होतो, तो मला लिहिता येत नाही. मी वेड्यासारखं काम केलं. इतकं की बंबवाल्यांच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला बळजबरीनं खाली बसवून पाणी पाजलं. त्या दिवसाचा शूर माणूस मी होतो.

माणूस कुणी मेलं नाही. उतार गेला.

ऑफिसात चौकशी झाली. लांब टेबल, मधे बिस्किटांची बशी. बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "जमिनीखाली चुलीचे दगड सापडलेत. बँक हॉलिडेला पलीकडचा काठ कुणी तपासला होता?"

मी बिस्किटांकडे बघत होतो. मला वाटलं, आता मोराग म्हणेल, सिडनं. मग मी सांगून टाकीन. शपथेवर सांगतो, मी तयार होतो. फक्त सुरुवात तिनं करायला हवी होती.

मोराग म्हणाली, "तो वीकेंड माझा होता. धूर मला दिसला होता. मी गेले नाही."

"का?"

"जायला हवं होतं. गेले नाही."

माझं नाव तिनं घेतलंच नाही. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "तू धुकं म्हणालास, मी मानलं. मानणं माझं होतं, सिड. तुझी नजर चुकली, माझी ड्यूटी चुकली." तिला वाटत होतं माझी नजर चुकली! खोटं बोलण्याची शक्यता तिच्या डोक्यात आलीच नाही. चार पावलांवर गाडी होती, आम्ही दोघंच होतो, आणि मी म्हणालो, "थँक्स, मोराग."

मावशींचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. "सिद्धार्थ, खरं सांग. ती आपली चूल नव्हती ना?"

"नाही हो मावशी. दुसरी जागा. दारू प्यायलेली पोरं होती कुणीतरी."

"बरं झालं," त्यांनी सुस्कारा सोडला. "मला झोप नव्हती. आपल्या माणसांकडून नाही झालं ना, मग बरं."

पुढचं भरभर सांगतो, कारण हळू सांगण्यासारखं नाही. मोरागला डोंगरावरून काढून व्हिजिटर सेंटरमध्ये बसवलं. पोस्टकार्डं आणि टॉयलेट कुठे आहे ते सांगणं. वर्षभरात तिनं मुदतीआधी रिटायरमेंट घेतली. निरोपाच्या पार्टीत भाषण कोण करणार? तिच्याबरोबर सगळ्यात जास्त काळ पिकअपमध्ये बसलेला माणूस. मी केलं. न बोलणाऱ्या माणसानं इतकं सुंदर भाषण केलं की दोन जणांनी डोळे पुसले. हॉट टबची गोष्ट सांगितली, पोस्टमनची सांगितली, लोक खूप हसले. शेवटी म्हणालो, "जबाबदारी म्हणजे काय ते मी मोरागकडून शिकलो." हे वाक्य मी आधी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

आणि तिची जागा मला मिळाली. सीनियर रेंजर. अप्पांनी वस्तीत पेढे वाटले. तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं खरं झालं, मुलगा ऑफिसर झाला.

त्याला आता काही वर्षं झाली. मोराग गावातच राहते, एकटी, दुकानामागच्या बैठ्या घरात. गावात अजून तिची ओळख तीच आहे, 'जिनं काठ बघितला नाही ती.' पबमध्ये कुणी नवा आला की त्याला ती गोष्ट सांगतात, आणि मी तिथे असलो तर माझ्याकडे सहानुभूतीनं बघतात, कारण आग विझवताना मी किती राबलो ते सगळ्यांना माहीत आहे. परवा ती दुकानात भेटली. हातात दुधाची बाटली.

"पलीकडे काही उगवतंय का रे?" तिनं विचारलं. आगीनंतर ती तिकडे गेलेली नाही.

"बर्च आलेत. पाइन अजून नाही."

"येईल. बी असतं." मग म्हणाली, "एकदा ने मला तिकडे. एकटीनं जायला मला तोंड नाही."

मी "हो" म्हटलं. त्या रात्रीपासून हा लेख लिहितोय.

लिहून झाल्यावर लक्षात आलं की कबुलीजबाबासाठी मी अशी भाषा निवडली आहे जी तिला वाचता येत नाही. इथेही शेवटी मी मीच निघालो. हा अंक पिनरला मंडळात जाईल, इल्फर्डला मिलिंदकडे जाईल, अकोल्याला मावशींकडे आणि खडकीला अप्पांकडे जाईल. मावशी, चूल आपलीच होती. तुम्ही पाणी घेऊन उभ्या होतात, मी ओतू दिलं नाही. दारू प्यायलेली पोरं नव्हतीच. अप्पा, गेट मी उघडलं, कुणी सांगितलं म्हणून नाही, मला मोठं दिसायचं होतं म्हणून. तुम्हा दोघांना सांगायचं होतं ते सांगून झालं. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मोरागला पलीकडच्या काठावर नेण्याआधी मला तिला सांगायचं आहे की धूर तिनं बरोबर पाहिला होता, आणि माझी नजर चुकली नव्हती, मी खोटं बोललो होतो. मग ऑफिसात जाऊन तेच सांगायचं आहे, तिचं नाव त्यातून काढायला आणि माझं घालायला. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.